जुने सोल, फंक आणि हाउस संगीत पुन्हा सापडते, तेव्हा नेमके काय सापडते?

२०२२ च्या जून महिन्यात बियॉन्से या अमेरिकी गायिकेचे ‘ब्रेक माय सोल’ हे गाणे आले आणि चाळिशी ओलांडलेल्या अनेक श्रोत्यांच्या मनात पहिल्या काही सेकंदांतच एक प्रश्न उभा राहिला: हा ऑर्गनचा ठेका आपण आधी कुठे ऐकला आहे? उत्तर रॉबिन एस. या गायिकेच्या ‘शो मी लव्ह’ या गाण्यात होते आणि त्या गाण्याचे गीतकार-संगीतकार ॲलन जॉर्ज आणि फ्रेड मॅकफार्लेन यांची नावे नव्या गाण्याच्या श्रेयनामावलीत रीतसर आलेली आहेत. तिथून अनेकांनी जुने गाणे शोधून काढले, मुलांना ऐकवले आणि विषय संपला असे समजले.

तो तिथे संपत नाही. ‘शो मी लव्ह’ पहिल्यांदा १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. पुढे स्टोनब्रिज या नावाने काम करणाऱ्या स्वीडिश निर्मात्याने त्याची नव्याने मांडणी केली, कोर्ग एम-वन या कीबोर्डमध्ये तयार मिळणारा ऑर्गनचा आवाज खालच्या स्वरांत वाजवला, आणि १९९३ मध्ये गाजले ते हे रूप. म्हणजे लोकांच्या कानात बसलेला ठेका मूळ गाण्यात नव्हताच. जुने गाणे ‘सापडले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचे कोणते रूप सापडले, ते कोणी घडवले आणि त्याचे पैसे कोणाला मिळतात, हे तीन प्रश्न वेगवेगळे असतात. सोल, फंक आणि हाउस या संगीतात तर ते टाळताच येत नाहीत, कारण जुन्या तबकड्या पुन्हा उघडून त्यांतून नवे काही करणे हीच या संगीताची कामाची पद्धत आहे.

तीन नावांची तोंडओळख

सोल म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ यांच्या मिलाफातून १९५० आणि १९६० च्या दशकांत घडलेले संगीत. डेट्रॉइटची मोटाउन आणि मेम्फिसची स्टॅक्स या त्यातील दोन मोठ्या कंपन्या. फंकमध्ये सुरावटीपेक्षा लय पुढे येते. जेम्स ब्राउन या अमेरिकी गायकाच्या वाद्यवृंदाने १९६० च्या दशकात सारा भार पहिल्या मात्रेवर, आपल्या भाषेत समेवर, टाकला आणि बाकीची वाद्ये तिच्याभोवती तुटक तुटक वाजवली.

हाउसची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला आणि प्रेक्षक मैदानात घुसले. मोठ्या कंपन्या त्यानंतर डिस्कोपासून झपाट्याने दूर झाल्या. मात्र त्याच शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हा डीजे १९७७ पासून वाजवत होता आणि तिथे येणाऱ्या, प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांना डिस्को मुळीच नकोसे झाले नव्हते. नव्या तबकड्या येईनाशा झाल्यावर त्याने जुन्याच वाजवल्या. टेप कापून आणि जोडून त्यांतला नाचण्याजोगा भाग लांबवला आणि पुढे खाली ड्रम मशीनचा ठेका दिला. हाउस हे नाव याच क्लबच्या नावावरून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एका अर्थाने हाउस हा संपूर्ण प्रकारच जुनी गाणी टाकून द्यायला नकार दिल्यामुळे जन्माला आला.

एकाच गाण्याचे दोन मालक

इथून पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते. आपल्याकडे शेतजमिनीचा सातबारा असतो. त्यात नमुना सात जमीन कोणाच्या मालकीची आहे हे सांगतो आणि नमुना बारा तिच्यात कोणते पीक उभे आहे हे सांगतो. कागद एक दिसला तरी नोंदी दोन असतात. ध्वनिमुद्रित गाण्याचेही तसेच असते. शब्द आणि चाल ही एक मालमत्ता असून ती गीतकार-संगीतकारांची किंवा त्यांच्या प्रकाशकाची असते. त्या चालीवर एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट गायिकेने आणि वादकांनी केलेले ध्वनिमुद्रण ही दुसरी मालमत्ता असून ती बहुतेक वेळा कंपनीची असते. या मूळ ध्वनिमुद्रणाला ‘मास्टर’ म्हणतात.

आता ‘सॅम्पल’ या शब्दाचा अर्थ सोपा होतो. जुन्या मास्टरचा एखादा तुकडा जसाच्या तसा उचलून नव्या गाण्यात बसवणे म्हणजे सॅम्पल. त्यासाठी दोन्ही मालकांची परवानगी लागते. तीच चाल नव्या वादकांकडून पुन्हा वाजवून घेतली, तर फक्त पहिल्या मालकाशी व्यवहार करावा लागतो. आजच्या अनेक गाण्यांत जुन्या सुरावटी ‘पुन्हा वाजवलेल्या’ आढळतात त्यामागे कलात्मक कारण असू शकते, पण पुष्कळदा कारण हिशेबाचे असते.

गायक आणि वादक या दोन्ही नोंदींत बहुधा नसतात. पुढची गोष्ट त्यामुळेच घडली.

‘लव्ह सेन्सेशन’ची वाटचाल

लोलिएटा हॉलोवे ही मूळची शिकागोची, चर्चमधील भक्तिगायनातून आलेली गायिका. न्यूयॉर्कच्या सालसोल रेकॉर्ड्स या कंपनीसाठी तिने १९८० मध्ये ‘लव्ह सेन्सेशन’ हे गाणे गायले. लेखन आणि निर्मिती डॅन हार्टमनची होती. अमेरिकेतील क्लबांत ते गाजले, परंतु सर्वसामान्य रेडिओवर त्याला म्हणावे तसे स्थान मिळाले नाही. खुद्द गाणे ऐकल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती गायिकेच्या श्वासाची ताकद. शेवटाकडे ती एकेक शब्द ओढून, फाडून, पुन्हा जोडून गाते आणि तिच्यामागे ताशे झडावेत तशी पितळी वाद्ये येत राहतात.

१९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन निर्मात्यांच्या गटाने याच गायनाचे तुकडे कापले, त्यांखाली पियानो आणि यांत्रिक ठेका घातला आणि ‘राइड ऑन टाइम’ हे गाणे बाजारात आणले. ते ब्रिटनमध्ये सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्या वर्षी तिथे सर्वाधिक खपलेले सिंगल, म्हणजे एकाच गाण्यासाठी काढलेली तबकडी, ठरले. दूरचित्रवाणीवर मात्र कात्रीन किनोल ही फ्रेंच मॉडेल ओठ हलवताना दिसत होती. हॉलोवेचे नाव कुठेही नव्हते. प्रकरण वकिलांकडे गेले आणि अखेर तडजोड झाली. दरम्यान गाण्याची आणखी एक आवृत्ती काढण्यात आली. तिच्यात हॉलोवेचा आवाज काढून हेदर स्मॉल या ब्रिटिश गायिकेकडून त्याच ओळी गाऊन घेतल्या होत्या.

याचा परिणाम असा की आज कोणी ‘राइड ऑन टाइम’ शोधायला बसले, तर त्याच्या हाती एकाच नावाची दोन वेगळ्या आवाजांतील गाणी येऊ शकतात आणि दोन्हींच्या खाली गायिकेचे खरे नाव नसण्याची शक्यता मोठी असते. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, मार्की मार्क अँड द फंकी बंच या गटाने ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये तेच जुने गायन वापरले, मात्र या वेळी हॉलोवेला श्रेय मिळाले, ती चित्रफितीतही दिसली आणि गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ध्वनिमुद्रण तेच, आवाज तोच. एकदा तो चेहऱ्याविना विकला गेला आणि एकदा नावासकट. हॉलोवेचे २०११ मध्ये निधन झाले.

हा अपवाद होता असे समजू नये. मार्था वॉश या गायिकेच्या बाबतीतही त्याच सुमारास असेच घडले. आवाज तिचा आणि पडद्यावर दुसरीच सडपातळ स्त्री. तिलाही आपल्या आवाजाच्या श्रेयासाठी न्यायालयात जावे लागले.

सात इंच आणि बारा इंच

जुने गाणे पुन्हा ऐकल्यावर ‘हे इतके छोटे होते का?’ किंवा ‘यात मधला तो लांब वाजवण्याचा भाग कुठे गेला?’ असे वाटण्यामागे स्मरणशक्तीचा दोष नसतो. तबकडीवर आवाज हा नागमोडी खोबणीच्या रूपात कोरलेला असतो. स्वर जितका खालचा आणि मोठा, तितकी खोबणीची वळणे रुंद होतात आणि तितकी जास्त जागा लागते. सात इंची तबकडीवर तीन-चार मिनिटांहून मोठे गाणे बसवायचे तर खोबण्या दाटीवाटीने कोराव्या लागतात आणि आवाज, विशेषतः बेसचा, बारीक होतो.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर टॉम मोल्टन या न्यूयॉर्कच्या मिक्सिंग करणाऱ्या कलाकाराला नेहमीच्या छोट्या कोऱ्या तबकड्या संपल्यामुळे एक गाणे मोठ्या तबकडीवर कोरून घ्यावे लागले. मोकळी जागा मिळाल्यामुळे खोबण्या ऐसपैस झाल्या आणि क्लबमध्ये लावल्यावर आवाज दणदणीत आला. सालसोलनेच १९७६ मध्ये डबल एक्स्पोजर या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे बारा इंची सिंगल म्हणून विक्रीस आणले आणि असे ते पहिले मानले जाते. त्याची मांडणी वॉल्टर गिबन्स या डीजेने केली होती. रेडिओवरचे छोटे गाणे ताणून त्याने नऊ मिनिटांच्या पुढे नेले, गायन बाजूला ठेवले आणि ढोल, काँगा व बेस यांना मोकळे रान दिले.

रेडिओवर ऐकलेले आणि क्लबमध्ये नाचलेले गाणे म्हणूनच वस्तुतः दोन वेगळी होती. ऑनलाइन यादीत पुष्कळदा रेडिओचे छोटे रूप आधी येते. त्यात ‘रिमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ या दोन शब्दांची भर पडते. रिमास्टर म्हणजे तयार ध्वनिमुद्रणाचा समतोल आणि जोर नव्याने ठरवणे. यात बऱ्याचदा हळू आवाज उचलून मोठ्याच्या पातळीला आणले जातात आणि फंकमधली दोन ठोक्यांमधली शांतता, जी त्या संगीताचा निम्मा जीव आहे, ती भरून जाते. रीमिक्समध्ये वेगवेगळे मुद्रित केलेले गायन आणि वाद्ये सुटी करून गाण्याची नवी रचना केली जाते. शिवाय अनेक सोल गायकांनी आपली गाजलेली गाणी पुढे स्वस्त संग्रहांसाठी पुन्हा गायली, कारण मूळ मास्टर त्यांच्या मालकीचे नव्हते. गायक तोच आणि नाव तेच असल्यामुळे श्रोता फसतो. माझ्या मते जुन्या गाण्याविषयीचा निम्मा अपेक्षाभंग इथे होतो.

फोनला गाणे ओळखता येते, मग अडचण कुठे?

शझामसारखे ॲप गाणे ‘समजून’ घेत नाही. ते काही सेकंदांच्या आवाजाचा, कोणत्या क्षणी कोणता स्वर किती जोरात होता, असा आलेख करते, त्यातील फक्त सर्वांत ठळक बिंदू ठेवते आणि त्या बिंदूंमधील अंतरे साठवलेल्या कोट्यवधी नोंदींशी ताडून पाहते. गोंगाटातही ते चालते, कारण ठळक बिंदू गोंगाटातून वर डोकावत राहतात. परंतु यात जुळते ते ध्वनिमुद्रण. त्याची चाल या हिशेबात येतच नाही. तीच चाल दुसऱ्या कोणी गायली, तर बिंदू बदलतात. डीजेने तबकडीचा वेग वाढवला, तर बिंदू सरकतात. आणि जुन्या गाण्याचा तुकडा नव्या गाण्यात असेल, तर पुष्कळदा नव्याचेच नाव पुढे येते. गुणगुणून शोधण्याची सोय गूगलने २०२० मध्ये दिली. ती सुरावटीवर चालते आणि सोलसाठी बरी आहे. पण फंक गुणगुणता येत नाही, ते ठोकावे लागते.

‘हे सगळे स्मरणरंजन नाही का?’

हा आक्षेप निम्मा खरा आहे. किशोरवयात आणि विशीत ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर अधिक ठळकपणे आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. मात्र उत्तर इंग्लंडमध्ये जे घडले ते यात बसत नाही.

१९७३ ते १९८१ या काळात विगन या गिरणगावातील ‘विगन कॅसिनो’ या नृत्यगृहात शनिवारी रात्रभर तरुण कामगार अमेरिकेतील १९६० च्या दशकातील सोलवर नाचत असत. यातील बहुतेक गाणी अमेरिकेत पडलेली होती. नाचणाऱ्यांपैकी कोणीही ती लहानपणी ऐकलेली नव्हती, त्यामुळे आठवण काढण्याचा प्रश्नच नव्हता. उलट जे गाणे जितके अपयशी आणि दुर्मीळ, तितका त्याचा मान मोठा. डीजे तबकडीवरच्या नावाच्या चकतीवर कागद चिकटवत आणि प्रतिस्पर्ध्याला माग लागू नये म्हणून भलतेच नाव सांगत. फ्रँक विल्सनचे ‘डू आय लव्ह यू’ हे मोटाउनने १९६५ मध्ये छापलेले आणि बाजारात न आणलेले गाणे असेच सुरुवातीला एडी फॉस्टर या नावाने वाजवले गेले. त्याच्या मूळ तबकडीच्या अवघ्या काही प्रती उरल्याचे ज्ञात आहे आणि त्यांतील एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली.

अर्थात दुर्मीळ ते चांगलेच असते असे नाही. विगनमध्ये वाजलेली कित्येक गाणी मला साधारण वाटतात. फ्रँक विल्सनचे हे गाणे मात्र खरोखरच उत्तम आहे.

‘दोन सेकंदांच्या तुकड्यासाठी एवढा वाद कशाला?’

२० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीत जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदाने ‘फंकी ड्रमर’चे ध्वनिमुद्रण केले. त्यात एका टप्प्यावर बाकी सगळे थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड एकटा ड्रम वाजवत राहतो. अशा जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. १९८६ मध्ये एका संग्रहात हे गाणे पुन्हा प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर हिप-हॉपमध्ये तो ठेका अक्षरशः सर्वत्र पसरला. गाण्याचे लेखक म्हणून नोंद जेम्स ब्राउनची होती. स्टबलफील्ड पगारी वादक होता. २०१७ मध्ये तो वारला तोवर जगात सर्वाधिक सॅम्पल झालेल्या ड्रमवादकांत त्याची गणना होत होती, पण त्या सॅम्पलांच्या मानधनावर त्याचा कायदेशीर हक्क नव्हता. द विन्स्टन्स या गटाच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मधील सहा-सात सेकंदांच्या ब्रेकवर ब्रिटनमधील जंगल हा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला, ड्रमवादक ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये वारला, आणि गटप्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये चाहत्यांनी ऑनलाइन वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले.

न्यायालयांचेही यावर एकमत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने फंकाडेलिक या फंक गटाच्या गाण्यातील दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यासाठीही परवाना हवाच, असे ठरवले. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या ‘व्होग’मधील ०.२३ सेकंदाचा पितळी वाद्यांचा झटका सामान्य श्रोत्याला ओळखूही येणार नाही, म्हणून हक्कभंग नाही, असे म्हटले. तो तुकडा सालसोलच्याच एका गाण्यातला असल्याचा दावा होता. मुदतीचा हिशेबही देशोदेशी वेगळा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो, तर अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांना २०६७ पर्यंत संरक्षण दिले आहे.

‘आपला याच्याशी काय संबंध?’

१९८२ मध्ये मुंबईत हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. त्यांच्याकडे रोलंड कंपनीची तीन यंत्रे होती: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, त्यामुळे रागातील मींड त्यातून निदान सूचित तरी होते. तबकडी चालली नाही.

पाच वर्षांनी शिकागोत फ्यूचर या गटाने त्याच टीबी-३०३ ची बटणे पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले आणि ॲसिड हाउस हा प्रकार सुरू झाला. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने सिंग यांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातील श्रोते चक्रावले आणि ‘ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ असे मथळे आले. हे मथळे चुकीचे आहेत. शिकागोच्या मुलांनी ती तबकडी ऐकल्याचा काहीही पुरावा नाही आणि सिंग यांना हाउस करायचेच नव्हते. त्यांना राग वाजवायचे होते. मात्र एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या गरजांपोटी एकसारखे बोलू लागले, ही गोष्ट मला त्या मथळ्यापेक्षा अधिक रंजक वाटते. सिंग यांनी सत्तरी ओलांडल्यावर युरोपात जाऊन हे संगीत रंगमंचावर वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

शोधायचे कसे?

गाण्याच्या नावापेक्षा त्याची लांबी आधी पाहावी. सोल असेल तर तीन मिनिटांच्या आतबाहेर आणि मूळ सिंगलच्या वर्षाचे. डिस्को किंवा हाउस असेल तर सहा मिनिटांच्या पुढचे. यादीत दिसणारे वर्ष अनेकदा पुनर्प्रकाशनाचे असते, म्हणून डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर त्या तबकडीची नोंद काढून मूळ कंपनी, वर्ष आणि मिक्सिंग करणाऱ्याचे नाव ताडून पाहावे. २००० मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ संग्राहकांनीच भरलेले आहे आणि तबकडीच्या आतल्या कडेला खरवडलेल्या अक्षरांपर्यंतचे तपशील तिथे मिळतात. नावापुढे ‘री-रेकॉर्डेड’ असेल तर पुढे जावे. ‘लव्ह सेन्सेशन’ ऐकायचे असेल, तर टॉम मोल्टनचे नाव असलेली बारा इंची आवृत्ती लावावी आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. त्याला बेस झेपत नाही.